फॉर्मवरची एक टिक : चोवीस ग्रॅम सोन्याचं प्रकरण

18 नोव्हेंबर 2024, सोमवार. विधानसभेच्या प्रचाराचा शेवटचा दिवस होता आणि वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या रस्त्यावर भोंग्यांच्या गाड्यांनी कान किटले होते. त्या गोंगाटात काकाजी माझ्या ऑफिसात शिरले. कीटकनाशकाच्या कंपनीची एक पिशवी होती, तिच्यातून चार घड्या घातलेला कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. मी जिनिंगवाल्यांचे आणि कृषी केंद्रवाल्यांचे जीएसटीचे कागद करतो. मला वाटलं बँकेची नोटीस असेल.

कागद कस्टमचा होता. नागपूरच्या विमानतळावर शनिवारी पहाटे दिलेली अटकावणीची पावती. सोन्याचा एक हार, टॉप्सची एक जोडी, वजन 24 ग्रॅम, माल विभागाच्या ताब्यात. खाली काकाजींच्या मोठ्या पोराची सही.

"म्या म्हटलं, पोरानं चोरी केली का काय?" काकाजी म्हणाले. "तं तो म्हणते चोरी नाही, बिल हाय. मंग बिल हाय तं ठेवून कावून घेतलं जी?"

या एका प्रश्नाचं उत्तर शोधताना पुढचे तीन आठवडे गेले. पोरीचं लग्न 8 डिसेंबरला होतं आणि तो हार तिचाच होता. प्रकरण आता मिटलं आहे, घरच्यांची हरकत नाही, म्हणून सगळं लिहून ठेवतो. नावं आणि गाव देत नाही. आकडे त्या वेळच्या नियमांचे, म्हणजे बॅगेज रूल्स 2016 चे आहेत. दिरहमचा भाव सोयीसाठी 23 रुपये धरला आहे.

पोरगा आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन. वय 27. शारजाला एका ठेकेदाराकडं वीस महिने होता, मधे एकदाही घरी आला नव्हता. पगार 1,800 दिरहम. नागपूर–शारजा थेट विमान आहे, त्यामुळं मुंबईचा फेरा पडत नाही. येताना त्यानं काय काय आणलं, ते मी त्याला समोर बसवून लिहून घेतलं: 43 इंची एलईडी टीव्ही, धाकट्या भावासाठी नवा मोबाइल, दोन जाड ब्लँकेटं, अत्तराच्या बाटल्या, खजूर, दुधाची पावडर, मिक्सर, काकासाठी सिगारेटचं एक कार्टन आणि बहिणीचा सेट.

या यादीत नेमकं काय अडेल, याबद्दल त्याचे अंदाज जवळपास सगळे उलटे होते.

मोबाइलची त्याला सगळ्यात जास्त धास्ती. म्हणून शारजातच त्यानं त्याचा खोका, वॉरंटीचं कार्ड, बिल असं सगळं फेकून दिलं आणि फोन आपला वापरातला वाटावा म्हणून त्यात गाणी भरली. मोबाइल 1,400 दिरहमचा, म्हणजे 32,200 रुपये. बाकीची अत्तरं, ब्लँकेटं, मिक्सर, खाऊ मिळून 600 दिरहम, म्हणजे 13,800. बेरीज 46,000. भारतीय प्रवाशाला 50,000 रुपयांपर्यंतचा नवा माल ड्युटीशिवाय आणता येत होता. अंगावरचे कपडे, स्वतःचा जुना फोन, घड्याळ अशा वापरातल्या वस्तू तर त्यात धरतच नाहीत, आणि अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉपही वेगळा माफ आहे. म्हणजे मोबाइल खोक्यासकट, बिलासकट, ताठ मानेनं आणता आला असता. आता तो बिघडला तर वॉरंटी नाही.

आणखी एक गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती. परदेशात कामधंदा करून परतणाऱ्याला 50,000 च्या वर घरगुती आणि वैयक्तिक वस्तूंची वेगळी सवलत होती. तीन ते सहा महिने राहिला तर 60,000, सहा महिने ते वर्ष 1 लाख, आधीच्या दोन वर्षांत किमान एक वर्ष बाहेर असेल तर 2 लाख, आणि दोन वर्षं किंवा जास्त असेल तर अटींसह 5 लाख. वरच्या दोन पायऱ्यांना मागच्या तीन वर्षांत हा लाभ घेतलेला नसावा अशी अट. आपला पोरगा 2 लाखांच्या पायरीवर होता. ती सवलत अख्खी तशीच पडून राहिली. आखातात जाणारी पोरं कंबर मोडेस्तोवर काम करतात आणि हक्काची सूट विमानतळावर सोडून येतात, कारण सगळी चर्चा 'पकडलं तर?' याच्याभोवती फिरते.

टीव्हीचं गणित वेगळं. 26 ऑगस्ट 2013 पासून चपट्या पडद्याच्या टीव्हीला कोणतीही माफी नाही. 2016 च्या नियमांतही तो थेट वगळलेल्या यादीत होता, म्हणजे 50,000 ची मर्यादा शिल्लक असली तरी ती टीव्हीला लावता येत नव्हती. दर 35 टक्के मूळ ड्युटी आणि त्या ड्युटीवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, मिळून 38.5 टक्के. 850 दिरहमचा टीव्ही म्हणजे 19,550 रुपये, त्यावर 7,527 रुपये ड्युटी. टीव्ही पडला 27,077 ला, शिवाय विमानात त्याचं वजन. तेवढाच टीव्ही वर्ध्याच्या दुकानात, घरपोच, त्याहून स्वस्त मिळतो. मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "कॅम्पातले सगळेच नेतात ना जी." गल्फवरून आलेल्याच्या खांद्यावर टीव्हीचा खोका हवाच, ही फॅशन नव्वदच्या दशकातली. दर बदलले, खोका तसाच.

सिगारेटच्या कार्टनमध्ये तर गंमतच. विमानतळावरच्या ड्युटी फ्री दुकानातून घेतलं म्हणजे भारतातही ड्युटी फ्री, असं तो समजत होता. दुकानावरच्या पाटीचा अर्थ इतकाच की त्या देशाचा कर त्या मालावर लागलेला नाही. आपल्याकडं काय माफ, ते आपला कायदा ठरवतो: 100 सिगारेट, किंवा 25 सिगार, किंवा 125 ग्रॅम तंबाखू. कार्टनमध्ये 200 सिगारेट असतात. म्हणजे दुकान विकतं त्या सगळ्यात छोट्या गठ्ठ्यातच आपली मर्यादा दुप्पट ओलांडली जाते. त्यानं अर्धं कार्टन तिथंच सोडून दिलं.

दारू त्यानं आणली नव्हती, पण आमच्या जिल्ह्यात राहून हा मुद्दा गाळता येत नाही. कस्टमला दोन लिटरपर्यंत चालते. ती पिशवी घेऊन माणूस नागपुरातून निघाला आणि वर्धा जिल्ह्याच्या हद्दीत आला की राज्याचा दारूबंदीचा कायदा सुरू होतो. वर्धा 1975 पासून कोरडा, गडचिरोली 1993 पासून. चंद्रपूरची बंदी 2015 ला आली आणि 2021 ला उठली. केंद्राचा अधिकारी ज्या बाटलीला हात लावत नाही, तीच बाटली जिल्ह्याची हद्द ओलांडली की गुन्हा ठरते. सासरेबुवांसाठी आणणाऱ्यांनी आधी सासर कोणत्या जिल्ह्यात आहे ते बघावं.

आता सोनं.

सेट शारजाच्या रोला भागातल्या एका दुकानातून घेतलेला. 22 कॅरेट, 24 ग्रॅम, घडणावळीसकट 7,500 दिरहम. बिल पोराच्याच नावावर. रुपयांत 1,72,500. घेताना त्यानं तिघांना विचारलं होतं: कॅम्पमधला सोबती, तिकीट काढून देणारा एजंट आणि मोबाइलवरचा एक दीड मिनिटाचा व्हिडिओ. तिघांनी मिळून त्याला तीन गोष्टी सांगितल्या. लेडीजला 40 ग्रॅम माफ असते. अंगावर घातलेलं मोजत नाहीत. आणि विचारल्याशिवाय सांगायचं नाही.

पहिली गोष्ट अर्धी खरी, म्हणून जास्त घातक. वर्षाहून जास्त काळ परदेशी राहून परतणाऱ्या स्त्रीला 40 ग्रॅम आणि पुरुषाला 20 ग्रॅम दागिने माफ होते. पण ही मर्यादा दागिना आणणाऱ्याची. घालणारी बहीण असली तरी विमानातून उतरला भाऊ, म्हणून मोजायचे 20. आणि व्हिडिओत नसलेला भाग पुढचा: वजनासोबत किमतीचीही मर्यादा होती. पुरुषाला 50,000 रुपये, स्त्रीला एक लाख. वजन आणि किंमत यांतली जी आधी भरेल ती. 2016 साली सोनं दहा ग्रॅमला 29,000 च्या आसपास असताना या दोन मर्यादा जवळजवळ जुळत होत्या, 50,000 मध्ये सतरा ग्रॅम यायचे. भाव अडीचपट झाला, नियमातला रुपया तिथंच राहिला. या पोराच्या बिलाच्या हिशोबानं 50,000 ची मर्यादा सातव्या ग्रॅमला संपत होती. लोक मात्र तेव्हाही ग्रॅमच पाठ करून बसले होते.

अंगावरचं मोजत नाहीत, हे तर आमच्या घराघरात ऐकू येतं. काकाजीही पहिल्या दिवशी तेच म्हणाले, "आंगावरलं बी मोजते का कोणी?" त्या नियमांत वैयक्तिक वापराच्या वस्तूंची व्याख्या होती आणि तिच्यातून दागिने स्पष्ट शब्दांत बाहेर काढले होते. गळ्यात असो की बॅगेत, दागिना तो दागिनाच.

तिसऱ्या सल्ल्यानं घात केला.

टीव्हीचा खोका लपत नाही, म्हणून तो लाल मार्गावर गेला. हे बरोबरच केलं. तिथं जाहीरनाम्याचा फॉर्म भरायचा असतो. पेन नव्हता, मागच्या प्रवाशाचा घेतला. फॉर्मवर एकाखाली एक प्रश्न आणि पुढं हो-नाहीचे चौकोन: बंदी असलेल्या वस्तू, माफीपेक्षा जास्त सोन्याचे दागिने, सोन्याची बिस्किटं, ठरावीक रकमेच्या वर परकी चलन, 25,000 च्या वर भारतीय रुपये, बी-बियाणं, मांस, सॅटेलाइट फोन. त्यानं टीव्ही लिहिला. दागिन्यांच्या ओळीपुढं 'नाही'वर टिक केली. सही केली.

मी विचारलं, वाचलं नव्हतं का? म्हणाला, घाईत कळलं नाही. मला ते पटलं नाही. आयटीआयची परीक्षा पास झालेल्या पोराला ती ओळ कळते. हार शर्टाच्या आत होता, कॉलरचं बटण लावलेलं होतं आणि टॉप्स पाकिटात, सिमकार्डाच्या कप्प्यात. मी त्याला तेव्हाच सांगितलं की माझ्यासमोर खरं बोल, कारण पुढं लिहून द्यायचं ते मला तुझ्या तोंडून आलेलंच लिहायचं आहे. थोड्या वेळानं म्हणाला, "वाटलं, टीव्हीचे पैसे भरले का सोडतीन."

टीव्हीचे पैसे भरून झाले आणि तपासणीच्या दारातून जाताना यंत्र वाजलं. अधिकाऱ्यानं गळ्याकडं बोट दाखवलं. पुढचं सगळं नियमानं झालं. कोणी अरेरावी केली नाही, कोणी काही मागितलं नाही. दागिन्याचं वजन झालं, बिल मोबाइलवर होतं ते त्यानं दाखवलं, आणि पहाटे पाच वाजता कस्टम कायदा 1962 च्या कलम 108 खाली त्याचा जबाब झाला. तो त्यानं स्वतःच्या हातानं, हिंदीत, खरा लिहिला: माझ्या पगारातून बहिणीच्या लग्नासाठी घेतले, एजंटने सांगितले म्हणून दाखवले नाही. या जबाबाचं महत्त्व त्याला माहीत नव्हतं. हा पोलिसांसमोरचा जबाब नव्हे, पुढं पुरावा म्हणून तो चालतो. त्या क्षणी त्यानं 'मित्राचं आहे' किंवा 'जुनं घरचं आहे' असं काही लिहिलं असतं तर प्रकरण माझ्या आवाक्यात उरलं नसतं.

घरी येतानाही एक थांबा झालाच. आचारसंहिता लागू, रस्त्यावर भरारी पथक. गाडीत टीव्हीचा सीलबंद खोका बघून त्यांनी विचारलं कुठं वाटायचा आहे. ड्युटीची पावती दाखवली, सुटले. त्या पहाटे नियमानं केलेल्या एकुलत्या एका गोष्टीचा तासाभरात उपयोग झाला.

आता हिशोब. सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मी कागदावर मांडून बापलेकांना दाखवलं. ते बघताना दोघंही गप्प होते.

भारतीय वंशाचा प्रवासी किमान सहा महिने परदेशी राहून येत असेल तर त्याला एक किलोपर्यंत सोनं सवलतीच्या दरानं आणता येतं. मधे घरी येऊन गेला असेल तरी त्या भेटी मिळून तीस दिवसांच्या आत असल्या की चालतं. खडे किंवा मोती जडवलेले दागिने यात बसत नाहीत. हा सेट साधा होता. जुलै 2024 च्या बजेटात सोन्याची ड्युटी 15 टक्क्यांवरून 6 वर आली होती, 5 टक्के मूळ आणि 1 टक्का कृषी अधिभार. म्हणजे पोराच्या पदरात चार महिन्यांपूर्वीच सरकारनं सूट टाकलेली. किंमत 1,72,500, त्यातून दागिन्यांची माफी 50,000 वजा, उरले 1,22,500, त्यावर 6 टक्के म्हणजे 7,350 रुपये. अट एकच, हे पैसे परकी चलनात भरायचे. 7,350 म्हणजे साधारण 320 दिरहम.

"तुह्या पाकिटात दिरहम किती होते रे?" काकाजींनी विचारलं.

"चारशे दहा."

टॉप्स ठेवले होते त्याच पाकिटात.

विमानात बसण्याआधी 'अतिथी' नावाच्या सरकारी अॅपवर सगळं भरून ठेवता आलं असतं, किंवा त्या फॉर्मवर 'हो'ला टिक करून पासपोर्ट आणि बिल पुढं ठेवायचं होतं. वीस मिनिटांचं काम.

तसं झालं नाही, तेव्हा आता दारं किती उघडी आहेत ते मी पाहू लागलो. कलम 80 वाचून आधी आशा वाटली. ड्युटी भरायची नसेल तर प्रवासी सामान कस्टमकडं ठेवून परत जाताना घेऊन जाऊ शकतो, असं ते कलम म्हणतं. पोरगा जानेवारीत परत जाणारच होता. पण त्यात एक अट आहे: कलम 77 प्रमाणं त्या वस्तूचं खरं जाहीरनामापत्र दिलेलं असलं पाहिजे. टिक पुन्हा आडवी आली.

दुसरं दार वाट बघण्याचं. जप्त मालाबद्दल सहा महिन्यांत नोटीस दिली नाही तर माल परत द्यावा लागतो, मुदत आणखी सहा महिने वाढवता येते. हक्क चांगला आहे, पण लग्न वीस दिवसांवर.

तिसरं दार आम्ही घेतलं. नोटीस आणि म्हणणं दोन्ही तोंडी व्हावं, अशी विनंती प्रवाशाला करता येते. आम्ही तसा अर्ज दिला. नागपूरच्या एका वकिलांनी तो तपासून दिला, कारण माझी पोच तिथं संपत होती. सोबत कागद लावले: बिल, वीस महिन्यांच्या पगाराच्या नोंदी असलेलं बँकेचं स्टेटमेंट, पासपोर्टवरचे शिक्के आणि लग्नपत्रिका. पत्रिकेवरून काकू अडून बसल्या होत्या. म्हणाल्या, पहिली पत्रिका देवाले ठेवाची असते, कस्टमले नाही. शेवटी देवाला ठेवून झाल्यावर दुसरी दिली.

28 नोव्हेंबरला सुनावणी झाली. आम्ही कायद्याचा कीस पाडला नाही. चूक कबूल केली, आणि एवढंच दाखवलं की माल विक्रीचा नाही, पैसा त्याच्या कमाईचा आहे, आधीचा एकही प्रकार नाही, आणि बिल त्यानं स्वतःहून पुढं केलं. टॉप्स पाकिटात का होते, हा प्रश्न आलाच. पोरगा म्हणाला, "साहेब, माझे कान टोचलेले नाहीत." समोरचे अधिकारी हसले की नाही ते मला दिसलं नाही, मी खाली बघत होतो.

3 डिसेंबरचा आदेश असा: कलम 111 खाली माल सरकारजमा, पण कलम 125 प्रमाणं सोडवून घेण्याची मुभा. सोडवणुकीचा दंड 15,000. कलम 112 खाली शास्ती 10,000. आणि ड्युटी पूर्ण दरानं. जाहीर न केल्यामुळं 50,000 ची माफी नाही, 6 टक्क्यांची सवलतही नाही. 1,72,500 वर 38.5 टक्के, म्हणजे 66,413. एकूण 91,413 रुपये.

अपील करता आलं असतं. साठ दिवसांची मुदत, साडेसात टक्के आधी भरायचे, आणि तिथंही नाही जमलं तर सामानाच्या प्रकरणात पुढं केंद्र सरकारकडं फेरतपासणीचा अर्ज. सवलतीचा दर नाकारण्यावर वाद घालण्यासारखा होता, असं वकिलांचंही मत पडलं. मलाही तसंच वाटतं. पण काकाजी म्हणाले, "जिंकलो तरी उन्हाळ्यात जिंकीन ना मी? पोरगी मांडवात डिसेंबरात उभी राहीन." यावर मला बोलायला काही नव्हतं.

पैसे उभे कुठून केले, ते सांगतो, कारण या आकड्याचं आमच्याकडचं माप तेच आहे. घरात 31 क्विंटल सोयाबीन पडून होतं. हमीभाव 4,892 जाहीर झालेला, बाजारात चार हजारांच्या फारसं पुढं सरकायला तयार नाही, म्हणून भाव येईल या आशेवर ठेवलेलं. 4 डिसेंबरला त्यातलं 23 क्विंटल 4,050 नं गेलं. चार एकरांचं पीक. पोरानं फॉर्मवर मारलेली टिक सेंटिमीटरभरही नसेल.

5 डिसेंबरला पैसे भरून सेट हातात आला. देताना पुन्हा वजन झालं, काट्यावर 24 आले, सही झाली. काकाजींनी तिथंच हार मुठीत धरून बघितला, मग मला म्हणाले, "हा तं हलकाच वाटते जी." लग्न ठरल्या मुहूर्ताला लागलं.

एजंटला फोन केला होता. तो म्हणाला, मी तर प्रत्येकाला हेच सांगतो, तुमच्याच पोराचं नशीब खराब. त्याच्याकडून तिकीट काढणं सोडण्यापलीकडं काही करता येण्यासारखं नव्हतं. तोंडी सल्ल्याची पावती नसते.

जानेवारीत पोरगा परत निघाला तेव्हा काकाजींनी मला घरी बोलावलं आणि बॅग माझ्यासमोर भरायला लावली. एकदा पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो, पण इथं फुंकायलाच हवं होतं. लग्नात त्याच्या गळ्यात घरच्यांनी एक तोळ्याचा गोफ घातला होता. तो घालून जायचा असेल तर जातानाच विमानतळावर कस्टमला दाखवून निर्यातीचं प्रमाणपत्र घ्यायचं, म्हणजे पुढच्या खेपेला तोच गोफ नवा माल म्हणून मोजला जाणार नाही. त्यासाठी दोन तास लवकर पोचायचं. पोरगा म्हणाला, त्यापेक्षा घरीच राहू दे. तेही बरोबर.

मग मी बॅगेतून खर्र्याच्या पुड्या काढल्या. सात होत्या, मोज्यांत. यूएईत पानाचे आणि सुपारी-तंबाखूचे असले प्रकार नेता येत नाहीत. आपल्या विमानतळावर कोणी अडवणार नाही, पण तिकडचा कस्टमवाला वर्ध्याचा नसतो. कंबरदुखीच्या गोळ्यांचं पाकीट होतं, त्यावरचं नाव वाचलं. ट्रामाडोल किंवा कोडीन असलेलं औषध तिथं परवानगीशिवाय चालत नाही. हे त्यातलं नव्हतं, तरी चिठ्ठी सोबत ठेवायला लावली.

तळाशी स्टीलचा डबा होता. डिंकाचे लाडू आणि एका पुडीत सावजी मसाला. मी काकूंना विचारलं, यात खसखस आहे का?

"मंग? बिना खसखसचे लाडू कोण करते?"

आपल्याकडं किराण्याच्या दुकानात मिळणारी खसखस यूएईत अमली पदार्थांच्या यादीत मोडते. नुसती जवळ सापडली तरी गुन्हा. मसाल्यातही तीच. हे सांगितल्यावर काकू बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. मागच्या खेपेला त्यांनी हाच डबा भरून दिला होता आणि तो तसाच शारजापर्यंत पोचला होता.

मग त्यांनी डबा उचलून माझ्यासमोर ठेवला. "घ्या, तुमची फी. याले मी शेंगदाण्याचे करून देतो." आणि चूल पेटवायला गेल्या.